घानातल्या ज्येष्ठ मिशनरी जोडप्याचा रोजचा दिवस: माहितीचा धागा

तेमाकर

मिशनरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक तर नगर-वडाळ्याचे जुने पाद्री येतात, नाही तर पांढरा शर्ट-टाय घालून जोडीने फिरणारी विशीची पोरं. तिसरा प्रकार फारसा कुणाला ठाऊक नसतो: नोकरीतून निवृत्त झालेले, मुलं मार्गी लागलेले नवरा-बायको, घराला कुलूप लावून स्वखर्चाने परदेशात राहायला गेलेले. चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, म्हणजे ज्यांना लोक मॉर्मन म्हणतात, त्यांच्यात ही पद्धत चांगली रुजलेली आहे. या धाग्यात घानापुरतं बोलू, कारण तिथलं पाणी, वीज, भाडं, मलेरिया यांचे तपशील नक्की सांगता येतात.

थोडी पार्श्वभूमी. या चर्चने १९७८ च्या जूनमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांना पुरोहितपद खुलं केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात पश्चिम आफ्रिकेत जे पहिले मिशनरी पाठवले ती दोन ज्येष्ठ जोडपीच होती: रेंडेल आणि रेचल मेबी, एडविन आणि जॅनथ कॅनन. घानातल्या केप कोस्ट शहरात जोसेफ विल्यम बिली जॉन्सन यांनी त्याआधी कितीतरी वर्षं स्वतःच मंडळ्या चालवल्या होत्या, त्यांचा बाप्तिस्मा डिसेंबरात झाला. जून १९८९ ते नोव्हेंबर १९९० या काळात सरकारने चर्चचं काम बंद ठेवलं होतं. राजधानी अक्राचं मंदिर जानेवारी २००४ मध्ये समर्पित झालं.

आता नियम. जोडप्याचं वय किमान ४०, घरी अवलंबून असलेली मुलं नकोत, मुदत ६ ते २३ महिने. तरुण मुलगे दोन वर्षं आणि मुली दीड वर्ष जातात, त्यांना सकाळी साडेसहाला उठण्यापासून रात्री साडेदहाला दिवे मालवण्यापर्यंत वेळापत्रक बांधलेलं असतं. ज्येष्ठांना तसं बंधन नाही आणि दारोदार फिरून प्रचार करायची अपेक्षाही नाही. मग करतात काय? कार्यालय सांभाळतात, हिशेब ठेवतात, तरुणांची घरं आणि गाड्या बघतात, लहान शाखांना आधार देतात, किंवा पाणी-आरोग्याच्या मदतकामात असतात. सरळ सांगायचं तर शंभरेक पोरापोरींचा संसार चालता ठेवणं हे यांतलं सगळ्यात मोठं काम. ते नीट झालं तर कुणाला दिसत नाही. बिघडलं तर एका आठवड्यात चारजण तापाने पडतात.

आधी घरतपासणीबद्दल लिहितो, कारण ज्येष्ठ जोडप्याचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. तरुणांच्या बदल्या दर सहा आठवड्यांनी होतात. एका फ्लॅटमध्ये बहुतेक चारजण. दिवसाला चार-पाच फ्लॅट ठरवा, त्यापेक्षा जास्त घेतले तर तपासणी नुसती नजर फिरवण्यापुरती राहते. सकाळी सातला निघा, दहानंतर रस्ते तुंबतात.

आत शिरल्यावर पहिल्यांदा खिडक्या. घानात बहुतेक खिडक्यांना चोरांसाठी लोखंडी गज असतात. आग लागली तर तेच गज माणसाला आत कोंडतात. निदान एका खिडकीचे गज बिजागरीचे हवेत, त्यांची किल्ली आतून हात पोचेल पण बाहेरून पोचणार नाही अशा खिळ्याला टांगलेली हवी, आणि ते कुलूप तुमच्यासमोर उघडून दाखवायला सांगायचं. दहापैकी दोन-तीन कुलपं गंजून बसलेली सापडतात. किल्ली आहे एवढं ऐकून पुढे जाऊ नका.

मग धुराचा अलार्म. बटण दाबून आवाज ऐका. ९ व्होल्टची बॅटरी काढून ठेवलेली असण्याची शक्यता भरपूर, कारण केळी तळताना तो वाजतो आणि पोरं वैतागतात. त्यावर ओरडून उपयोग नाही, अलार्म स्वयंपाकघराच्या दारातून काढून झोपायच्या खोल्यांमधल्या बोळात लावा. गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. जनरेटर असेल तर तो गॅलरीत नको, उघड्यावर, खिडक्यांपासून लांब. फ्रिजच्या दाराच्या रबरात कागद अडकवून ओढा, सहज निघाला तर रबर गेलं.

जाळ्या, मच्छरदाण्या आणि पाण्याची गाळणी यांवर वेगळं लिहायला हवं. कुणी लिहील का?

पाणपोई

गाळणीचं लिहिते. घानात घरोघरी वर काळी प्लास्टिकची टाकी असते, तिला तिथे पॉलीटँक म्हणतात. नळाला रोज पाणी येईलच असं नाही, म्हणून टँकरचं पाणीही तिच्यातच पडतं. म्हणजे टाकीतलं पाणी अंघोळीचं आणि भांड्यांचं, पिण्याचं नव्हे.

पिण्यासाठी दोन भांड्यांची, चिनी मातीच्या कँडलची गाळणी सगळ्यात टिकाऊ. आपल्याकडे स्टीलची असायची तीच. चुका कुठे होतात ते सांगते.

कँडल वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने घासायची. साबण लावायचा नाही, तो छिद्रांत बसतो आणि पाण्याला महिनाभर वास येतो. घासताना हात आधी स्वच्छ धुवा आणि खालच्या दांड्याला बोट लावू नका, कारण ती गाळलेल्या पाण्याची बाजू. बसवताना रबरी वायसर वरच्या भांड्याच्या आत, कँडल आणि तळ यांच्यामध्ये येतो. खालून प्लास्टिकची चाकी हाताने घट्ट करायची, पक्कड लावायची नाही. पक्कड लावली की कँडलच्या बुडाशी केसाएवढी चीर जाते, ती डोळ्यांना दिसत नाही आणि पाणी न गाळताच खाली उतरतं. खूण एकच: गाळण्याचा वेग अचानक वाढतो. पोरं खूश होतात की गाळणी भरभर चालायला लागली, आणि आठवड्यात पोटं बिघडतात. वेग वाढला की कँडल फेकून द्या.

गाळणी नसेल तिथे ब्लीच. ५ ते ६ टक्क्यांचं, वास नसलेलं, साधं. स्वच्छ पाण्याला लिटरमागे २ थेंब, गढूळ असेल तर फडक्यातून गाळून ४ थेंब, ढवळून अर्धा तास ठेवा. अर्ध्या तासाने क्लोरीनचा हलका वास आला पाहिजे. आला नाही तर तेवढेच थेंब पुन्हा, आणखी पाव तास.

टाकी वर्षातून दोनदा धुवा. गाळ काढून, घासून, भरून घ्या आणि १००० लिटरला ५ टक्क्यांचं १ लिटर ब्लीच टाका. सगळे नळ वास येईपर्यंत सोडा, मग बंद करून १२ तास ठेवा, नंतर सगळं पाणी सोडून द्या. त्या रात्री घरातल्यांनी त्या पाण्याने अंघोळ करायची नाही हे दारावर लिहून चिकटवा. टाकीचं झाकण उडालं असेल तर या सगळ्याचा उपयोग शून्य, तेव्हा आधी झाकण तारेने बांधा.

रस्त्यावर पिशवीतलं पाणी मिळतं, अर्ध्या लिटरची प्लास्टिकची पिशवी, दाताने कोपरा फोडून पितात. पाणी बहुधा चांगलं असतं, पण पिशवीची बाहेरची बाजू उन्हातून आणि दहा हातांतून आलेली असते. कोपरा धुवून मग फोडा.

कोकणकडा

मच्छरदाणीबद्दल दोन ओळी. औषध भरलेली जाळी साध्या साबणाने, गार पाण्यात, क्वचितच धुवायची आणि सावलीत वाळवायची. उन्हात वाळवली की औषध लवकर मरतं. गादीखाली चारही बाजूंनी खोचायची, नुसती सोडायची नाही. आणि पलंग भिंतीपासून वीतभर लांब, झोपेत हात जाळीला टेकला तर डास बाहेरून चावतो.

औषधवाली

ज्येष्ठांच्या तब्येतीचं मी लिहिते. तरुणांपेक्षा यांची तयारी दुप्पट लागते, आणि ती निघायच्या तीन-चार महिने आधी सुरू व्हावी.

पीतज्वर: घानात शिरताना लस घेतल्याचं पिवळं कार्ड दाखवावंच लागतं. लस घेतल्यावर १० दिवसांनी कार्ड वैध होतं, आणि २०१६ पासून एकच डोस जन्मभर चालतो. साठीनंतर पहिल्यांदा ही लस घेताना गंभीर दुष्परिणामाची शक्यता वाढते. त्यामुळे ती विमानाच्या आदल्या आठवड्यात घाईने टोचून घ्यायची गोष्ट नाही, आपल्या डॉक्टरांशी बसून ठरवायची.

मलेरिया: घानात तो मुख्यतः फाल्सिपेरम, म्हणजे जिवावर बेतणारा. गोळ्यांचे तीन पर्याय. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज एक, जाण्याच्या १-२ दिवस आधीपासून परत आल्यावर ७ दिवसांपर्यंत, दूध किंवा तुपकट जेवणाबरोबर, नाही तर शरीरात नीट शोषली जात नाही. डॉक्सिसायक्लिन रोज १०० मिलिग्रॅम, परतल्यावर ४ आठवडे चालू. हिने उन्हाचे चट्टे उठतात, आणि गोळी पेलाभर पाण्याने घेऊन अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही, नाही तर अन्ननलिकेला जखम होते. रात्री झोपताना घोटभर पाण्याने घेणं ही सर्रास होणारी चूक. तिसरी मेफ्लोक्विन, आठवड्यातून एकदा. नैराश्य किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल त्यांनी ती घ्यायची नाही. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर प्रोग्वानिलने त्याचा परिणाम वाढू शकतो, म्हणून निघण्याआधीच गोळ्या सुरू करून रक्त तपासून घ्यावं.

गोळ्या चालू असल्या तरी ताप आला की त्याच दिवशी चाचणी. उद्या बघू, हा वाक्प्रचार इथे घातक. चाचणी होकारार्थी आली तर डॉक्टर सहसा आर्टेमेथर-लुमेफँट्रिन देतात: मोठ्या माणसाला २४ गोळ्या, ४-४ च्या सहा मात्रा तीन दिवसांत, पहिल्या दोन मात्रांमध्ये ८ तासांचं अंतर, प्रत्येक वेळी स्निग्ध काहीतरी खाऊन. दोन दिवसांत बरं वाटतं म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवणारे पुष्कळ, त्यांना दोन आठवड्यांत पुन्हा ताप येतो.

रोजच्या औषधांचा तीन महिन्यांचा तरी साठा हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात. प्रत्येक औषधाचं मूळ रासायनिक नाव कागदावर. अमेरिकेत ज्याला असिटॅमिनोफेन म्हणतात ते घानात आणि आपल्याकडे पॅरासिटॅमॉल, तिथलं अल्ब्युटेरॉल इथे साल्ब्युटामॉल. दुकानदाराला अमेरिकन नाव सांगून तो नाही म्हणाला म्हणून दम्याचा पंप न घेता परत आलेली माणसं असतात. औषध तिथेच फळीवर असतं.

इन्सुलिन वापरात असलेलं बहुतेक प्रकारांत २८ दिवस बाहेर चालतं, पण ३० अंशांच्या आत. अक्राच्या बंद गाडीत तासाभरात ते खराब होतं.

वाटसरू

फार उपयोगी माहिती. एक प्रश्न: अमेरिकेतल्या ज्येष्ठांना मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा असतो ना? मग तिथल्या दवाखान्याचा खर्च त्यातून निघतो का?

औषधवाली

@वाटसरू, नाही. मेडिकेअर साधारणपणे देशाबाहेर लागू नसतं, म्हणून वेगळा विमा घ्यावाच लागतो. आणि इथेच एक खाच आहे. परदेशात काही उपयोग नाही म्हणून लोक मेडिकेअरचा भाग ब, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चासाठी हप्ता भरून घ्यायचा भाग, सोडतात. परत आल्यावर तो पुन्हा घेताना प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांमागे १० टक्के हप्ता कायमचा वाढू शकतो. करमुक्त संस्थेमार्फत किमान १२ महिने परदेशात स्वयंसेवा केली आणि त्या काळात दुसरा आरोग्यविमा होता, तर परतल्यावर दंडाशिवाय नोंदणीची खास मुदत मिळते. त्यासाठी संस्थेचं पत्र आणि विम्याचा पुरावा लागतो, दोन्ही तिथून निघायच्या आधीच हातात घ्या.

तेमाकर

वीज. घानात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे आपल्यासारखंच, पण प्लग इंग्लंडचा तीन चौकोनी पिनांचा. भारतातून जाणाऱ्याला फक्त प्लग बदलावा लागतो. अमेरिकन जोडप्याची अडचण मोठी, त्यांच्याकडे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. त्यामुळे विजेच्या लहरींवर चालणारं जुनं टेबलघड्याळ तासाला १० मिनिटं मागे पडतं. सकाळच्या बैठकीला रोज उशीर व्हायला लागला की आधी ते घड्याळ बघा. मिक्सर, केस वाळवायचं यंत्र असलं काही आणूच नये, तिथेच घ्यावं.

ज्येष्ठांमध्ये झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असतो, त्यासाठी रात्री हवेचं यंत्र लावतात. ही यंत्रं बहुतेक १०० ते २४० व्होल्टची असतात, पाठीवरचं लेबल वाचा, ट्रान्सफॉर्मर लागत नाही. त्यातल्या वाफेच्या डब्यात डिस्टिल्ड पाणीच घालायचं, टाकीचं नव्हे. मात्र बॅटरीला घालायचं म्हणून पेट्रोलपंपावर जे मिळतं ते माणसाच्या श्वासासाठी वापरायचं नाही. वीज गेली तर काय, याचं उत्तर पहिल्याच रात्री तयार हवं. यंत्राच्या कंपनीचा १२ किंवा २४ व्होल्टचा अडॅप्टर आणि वेगळी बॅटरी असली की एक रात्र निभते.

वीज जाण्याला घानात दुमसोर म्हणतात, बंद-चालू असा अर्थ. इन्व्हर्टरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरू देऊ नका, वरचेवर उतरली की वर्षात संपते. पाण्याची पातळी महिन्याला बघायची. फ्रिजला तीन ते पाच मिनिटं थांबून चालू होणारा संरक्षक लावा, कारण वीज परत येताना पहिला झटका वर-खाली असतो आणि त्यातच कॉम्प्रेसर जातो.

मीटर प्रीपेड. दोन भाडेकरूंना एकच मीटर असेल तर ते घर घेऊच नका. रात्री अकराला पैसे संपतात आणि कुणी भरायचे यावर भांडण होतं.

सांजवात

घरभाड्याचा मुद्दा राहिला. घानाचा भाडेकायदा १९६३ चा. त्यात सहा महिन्यांपेक्षा जास्त भाडं आगाऊ मागता येत नाही. प्रत्यक्षात घरमालक एक ते दोन वर्षांचं एकदम मागतात आणि बाजारात तेच चालतं. कार्यालयात बसणाऱ्या जोडप्याला हे आधी कळलं पाहिजे, कारण दोन वर्षांचं भाडं दिल्यावर खराब घर सोडता येत नाही.

म्हणून घर दोनदा बघायचं. एकदा पहाटे सहाला, सगळे नळ सोडून. एकदा पावसानंतर. मोठा पाऊस साधारण एप्रिल ते जुलै, लहान सप्टेंबर-ऑक्टोबरला. कुंपणाच्या भिंतीवर आडवी तपकिरी रेघ दिसली तर तिथपर्यंत पाणी चढतं, मालक काहीही म्हणो. करारात तीन वाक्यं लिहून घ्या: गज बदलायची परवानगी, स्वतंत्र मीटर, टाकीच्या चबुतऱ्याची दुरुस्ती मालकाकडे.

जोडप्याचं स्वतःचं घर ते स्वतःच्या पैशाने चालवतात. परदेशी सेवेतल्या ज्येष्ठांवर घरखर्चाचा बोजा फार पडू नये म्हणून चर्चने २०११ साली दरमहा १४०० डॉलरची कमाल मर्यादा ठरवली.

जुनी_नगरी

इथे नगरच्या मिशनशी तुलना करावीशी वाटते. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरला ठाणं झालं. ती माणसं तरुणपणी येत, मराठी शिकत, कित्येकांच्या कबरी इथेच आहेत. तेमाकर सांगताहेत ते उलट टोक: आयुष्याची कामं संपवून, भाषा न शिकता, ठरावीक मुदतीसाठी. मला वाटतं भाषेची उणीव मोठी आहे. घानात इंग्रजी चालते हे खरं, पण घरात आणि बाजारात अकान, गा, एवे.

कोकणकडा

@जुनी_नगरी, पूर्ण भाषा येत नाही, पण रीतीभाती शिकता येतात आणि त्यांनीच अर्धं काम होतं. डाव्या हाताने काही द्यायचं-घ्यायचं नाही, नुसता हातही हलवायचा नाही. घोळक्यात शिरलात तर उजवीकडून डावीकडे एकेकाशी हात मिळवत जायचं, मधल्याच ओळखीच्या माणसापासून सुरुवात केली तर बाकीच्यांचा अपमान. कामाचं बोलण्याआधी घरच्यांची विचारपूस. मेदासे म्हणजे आभारी आहे, अक्वाबा म्हणजे या, स्वागत.

अकान लोकांत जन्मवारावरून नाव असतं: शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे, शनिवारची मुलगी आमा, रविवारची अकोसुआ. आपला जन्मवार शोधून जा, लोक पहिल्या भेटीत विचारतात आणि त्याच नावाने हाक मारतात.

शनिवारी बैठक ठेवू नका. अंत्यविधी आणि त्यानंतरचं जेवण शनिवारी असतं, सगळं गाव काळ्या-लाल कपड्यांत तिकडे. जोडप्याने तिथे जाऊन तासभर बसावं. रविवारच्या दोन तासांच्या सभेत जेवढ्या ओळखी होतात त्यापेक्षा जास्त तिथे होतात.

वाटसरू

जेवणाचं? आणि कुणी मराठी कुटुंबाने त्यांना घरी बोलवलं तर?

सांजवात

चहा-कॉफी ठेवू नका, त्यांच्यात दोन्ही वर्ज्य, दारू-तंबाखूही. लिंबू सरबत, कोकम चालतं. तिथलं सोबोलो, म्हणजे अंबाडीच्या जातीतल्या लाल फुलांचं आलं घातलेलं सरबत, उत्तम. महिन्याचा पहिला रविवार त्यांच्या उपासाचा, त्या दुपारी आमंत्रण नको.

घानाचं जेवण आपल्याला परकं नाही. वाचे म्हणजे चवळी आणि तांदूळ एकत्र शिजवलेले, ज्वारीच्या पानांनी लाल रंग आलेला. रेड-रेड म्हणजे चवळीची पामतेलातली उसळ आणि तळलेली केळी. केंके म्हणजे आंबवलेल्या मक्याचा, पानात गुंडाळून वाफवलेला गोळा, आंबोळीच्या पिठाची आठवण येणारा. फुफू चावायचा नसतो, गिळायचा. ज्यांना दातांची कवळी आहे त्यांनी आधी लहान घास घ्यावा.

पाणपोई

आता माझ्या आवडीचा विषय. मदतकामातल्या जोडप्यांचं पाण्याचं काम, आणि त्यात महाराष्ट्राचा खरा धागा आहे.

घानाच्या खेड्यांत जे हापसे दिसतात त्यांतले पुष्कळसे इंडिया मार्क २ जातीचे. हा हापसा भारतात १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने तयार झाला, पण त्याची मुळं जालना आणि सोलापूरच्या मिशनच्या विहीर-कामात आहेत. दुष्काळात बोअर मारल्या, ओतीव लोखंडाचे घरगुती हापसे दिवसभराच्या वापरात मोडायला लागले, म्हणून तिथे एकाच खिळीवर फिरणारा, साखळीने सळई ओढणारा पोलादी हापसा बनवला. जालना पंप, सोलापूर पंप ही नावं जुन्या लोकांना आठवत असतील.

रचना: ३२ मिलिमीटरचे जस्ती पाईप ३-३ मीटरचे, आत १२ मिलिमीटरची सळई, तळाशी ६३.५ मिलिमीटरचं पितळी अस्तराचं सिलिंडर. घानात गडबड कुठे झाली? जंगलपट्ट्यातलं भूजल आम्लधर्मी. सामू (पीएच) साडेसहाच्या खाली गेला की जस्त उतरतं आणि पाईप गंजतात. सकाळचं पहिलं पाणी तांबूस, लोखंडी चवीचं, कपड्यांवर डाग, चवळी काळी शिजते. बायका दोन बादल्या ओतून बघतात आणि परत ओढ्यावर जातात. हापसा धडधाकट उभा आणि गाव आजारी. म्हणून घानाने आपली सुधारित आवृत्ती काढली, तिच्यात पाईप आणि सळया स्टेनलेस स्टीलच्या.

मदतकामातल्या जोडप्याने दोन चाचण्या शिकाव्यात, दोन्हीला घड्याळ आणि बादली पुरे. पहिली, गळतीची: पाणी येईपर्यंत हापसा मारा, अर्धा तास कुणी हात लावायचा नाही, मग पाणी येईपर्यंत किती वेळा दांडा मारावा लागतो ते मोजा. पाचाच्या वर गेले तर तळाची झडप किंवा पाईपचा जोड गळतोय. दुसरी, उपशाची: संथ लयीत पूर्ण ४० दांडे बादलीत. नवीन हापसा सुमारे १५ लिटर देतो, १० च्या खाली आला तर सिलिंडरमधले वायसर झिजलेत. वायसर स्वस्त असतात, पण ते बदलायला सगळे पाईप वर ओढावे लागतात, शिकंजा आणि चारपाच माणसं लागतात. तेव्हाच प्रत्येक पाईपचे आटे तपासून घ्या, पुन्हा ओढायचा खर्च वाचतो.

घानाच्या ग्रामीण पाणी यंत्रणेचं माप: एका हापशामागे ३०० माणसं, माणशी रोज २० लिटर, घरापासून ५०० मीटरच्या आत. यापेक्षा जास्त लोक असतील तर हापसा दिवसभर रांगेत राबतो आणि लवकर जातो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कनवाळूपणाने जोडप्याने स्वतःच्या खिशातून दुरुस्ती करून देणं. गावाच्या पाणी समितीने बादलीमागे थोडे पैसे जमवायची सवय लावलेली असते. एकदा बाहेरच्याने फुकट दुरुस्ती केली की वर्गणी थांबते, आणि जोडपं २३ महिन्यांनी घरी गेल्यावर पुढच्या बिघाडाला कुणी नसतं.

वाटसरू

इथे एक सरळ प्रश्न विचारतो, राग नसावा. हापसा देऊन धर्मांतर, असा हा प्रकार आहे का?

पाणपोई

प्रश्न रास्त आहे. चर्चचं धोरण असं की मदत धर्म न पाहता द्यायची, आणि मदतकामाची जोडपी प्रचाराच्या कामात नसतात. जागा जिल्हा सभा आणि सरकारी पाणी यंत्रणेबरोबर ठरते, ज्या गावात चर्चचा एकही सभासद नाही तिथेही काम होतं. प्रचार तरुण मिशनरी करतात आणि तो उघडपणे, नावाची पट्टी लावून. माझं मत असं की ही दोन कामं वेगळ्या माणसांकडे ठेवलेली असणं हाच चांगला भाग आहे, आणि जिथे ती एकत्र होतील तिथे गावाने विचारलंच पाहिजे.

तेमाकर

गाडीचं थोडक्यात. घानात १९७४ पासून रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात, अमेरिकनांना सोपं, आपल्याला अवघड. त्रिकोण, अग्निशामक आणि प्रथमोपचार पेटी गाडीत हवी, पोलीस विचारतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हरमॅटन, सहाराची बारीक धूळ. त्या काळात हवेची गाळणी दर आठवड्याला काढून उलट बाजूने झटका. अंधार पडायच्या आत घरी. दिवे नसलेले ट्रक रस्त्यातच उभे असतात आणि मागे फांद्या टाकून इशारा दिलेला असतो. रस्त्यावर हिरवी फांदी दिसली की लगेच वेग कमी करा.

सांजवात

जोडप्यातल्या दोघांबद्दलही कुणीतरी लिहायला हवं. चाळीस वर्षं एकजण कामावर आणि एकजण घरी, असं राहिलेले नवरा-बायको अचानक चोवीस तास एकत्र येतात, एकाच टेबलावर काम, एकाच गाडीत प्रवास. जे टिकतात ते पहिल्या आठवड्यातच कामं वाटून घेतात: हिशेब एकाचा, माणसं दुसऱ्याची, आणि एकमेकांच्या वहीत डोकवायचं नाही. आठवड्यातला एक दिवस मोकळा असतो, तो कपडे धुण्यात घालवू नये.

घरच्यांशी बोलायची वेळ ठरलेली असू द्या. घानाची वेळ वर्षभर ग्रीनिचची. या चर्चचं मुख्यालय असलेलं अमेरिकेतलं युटा राज्य हिवाळ्यात ७ तास मागे, उन्हाळ्यात ६. रविवारी संध्याकाळी सहाला फोन लावला तर तिथे हिवाळ्यात सकाळचे अकरा. भारत साडेपाच तास पुढे, म्हणून पुण्याला फोन करायचा तर दुपारी दोनला, तिथे साडेसात झालेले असतात.

वाटसरू

शेवटचं एक. जुनं जोडपं जातं, नवीन येतं, तेव्हा हे सगळं ज्ञान कुठे जातं?

तेमाकर

बरोबर जागी बोट ठेवलंत. पुष्कळदा दोन जोडप्यांची गाठच पडत नाही, मध्ये महिनाभराची फट असते. त्यासाठी एक जाड वही, संगणकावर नव्हे, कागदाची. प्रत्येक फ्लॅटला एक पान: मीटरचा क्रमांक, भाडं संपायची तारीख, टाकी धुतल्याची तारीख, कँडल बदलल्याची तारीख, गजाच्या कुलपाची दुसरी किल्ली कुठल्या खिळ्याला. किल्ल्यांना कागदी चिठ्ठ्या बांधू नका, पावसाळ्यात शाई जाते. पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने आकडा ठोका आणि तोच आकडा वहीच्या पानावर. मीटरचा क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहून ठेवा, म्हणजे रात्री वीज गेली तर पोरांना टॉर्चच्या उजेडात वाचता येतो.